गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी डस्ट कलेक्टरचा फिल्टर कुठला घेऊ? ५ मायक्रॉन, १ मायक्रॉन, हेपा... डोकं फिरलंय

सागवानी_शनिवार (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, लांबड लागली तर सांभाळून घ्या. मी सिंहगड रोडला राहतो, नोकरी कॉम्प्युटरची आणि शनिवार-रविवार सुतारकाम. घराच्या खाली १० बाय १८ ची गॅरेज आहे, त्यात टेबल सॉ, एक छोटा थिकनेसर (फळी रंधून एकसारखी जाड करणारा), राउटर टेबल आणि हातातला सँडर. गावाकडचं जुनं घर उतरवलं तेव्हा सागवानाच्या तुळया आणि चौकटी निघाल्या, त्या टेम्पोत घालून आणल्यात आणि सध्या त्याच कापतोय, शिवाय कपाटांच्या पाठीला प्लाय आणि एमडीएफ.

दोन वर्षांपूर्वी २ एचपीचा सिंगल बॅगवाला डस्ट कलेक्टर (भुसा-धूळ पंख्याने ओढून घेणारं मशीन) घेतला, वर कापडी पिशवी आणि खाली प्लास्टिकची. खालची पिशवी टम्म भरते म्हणून मी खूष होतो. परवा सकाळी साडेआठला मशीन चालू केलं तेव्हा व्हेंटिलेटरमधून उन्हाची तिरीप नेमकी वरच्या पिशवीवर पडलेली, आणि बटण दाबल्याबरोबर पिशवीच्या सगळ्या अंगातून धूप घातल्यासारखा धूर निघाला राव! धूर कसला, भुकटी ती. दोन वर्षं मी तेच नाकात ओढतोय. गाडीच्या बॉनेटवर रोज सकाळी पिवळट पावडर असायची तिला मी रस्त्याची धूळ समजत होतो, आणि बाबांना दम्याचा त्रास आहे, ते वर खोलीत खोकायला लागले की आम्ही हवा बदलली म्हणून सोडून द्यायचो.

आता फिल्टर बदलायचाय. एक जण म्हणतो ५ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या कापडाची पिशवी घे, स्वस्तात काम होतं. दुसरा म्हणतो घडीवाला कॅनिस्टर (डब्यासारखा गोल फिल्टर, कार्ट्रिज म्हणतात तोच) घे, १ मायक्रॉन. ऑनलाइन एक दिसतोय त्यावर सरळ 'हेपा' लिहिलंय आणि किंमत बघून मी टॅब बंद केला. माझी पिशवी ५०० मिमी व्यासाची आणि ८०० उंच आहे, पाइप ४ इंची फ्लेक्झिबल. कुठला घेऊ? बजेट आहे पण उधळायचं नाही.


रंधा_रगडा (सांगली)

आधी मास्क घाल. फिल्टर नंतर बघू.


सागवानी_शनिवार

घालतो हो, सर्जिकलवाला.


रंधा_रगडा

तो नाही!! त्याच्या दोन्ही कडांनी हवा आत जाते. एफएफपी२ किंवा एन९५ घे, आपल्याकडच्या मास्कवर आयएस ९४७३ छापलेलं असतं ते बघून घे, आणि दाढी असेल तर तोही बसणार नाही नीट. लाकडाची धूळ आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) १९९५ सालीच ग्रुप १ मध्ये टाकलीय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या यादीत. नाकाचा आणि सायनसचा. आमच्याकडचे म्हातारे मिस्त्री "काही होत नाय, तंबाखूपेक्षा बरं" म्हणतात आणि दिवसभर शिंकतात.


फिल्टर_काका (भोसरी)

बाळा, मी २२ वर्षं बॅग फिल्टरच्या कारखान्यात काढलीत, आता रिटायर आहे आणि घरी नातवाला खेळणी करून देतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो. सावकाश वाच.

पहिली गोष्ट, '१ मायक्रॉन' हा नुसता आकडा म्हणजे काहीच नाही. चहाच्या गाळणीनेसुद्धा एखादा १ मायक्रॉनचा कण अडतोच की, म्हणून ती १ मायक्रॉनची गाळणी झाली का? किती टक्के अडतात ते विचार. १ मायक्रॉनला ९९ टक्के आणि १ मायक्रॉनला ५० टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दोघांच्या खोक्यावर '१ मायक्रॉन'च छापलेलं असतं. विकणाऱ्याला टक्केवारीचा टेस्ट रिपोर्ट माग, तो "साहेब, फर्स्ट क्लास माल आहे" म्हणाला की समजून जा. मर्व्ह रेटिंग (फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा दर्जा) देत असेल तर बरं, मर्व्ह १५ म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनमधले निदान ८५ टक्के अडवतो, मर्व्ह १३ तिथे निम्मेच. जीएसएमलाही (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन) भुलू नको. ५५० जीएसएमचं फेल्ट म्हणजे जाड, टिकाऊ, एवढंच, ते बारीक गाळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी, ती म्हणजे क्षेत्रफळ. मायक्रॉनच्या नादात हे सगळे विसरतात. तुझी पिशवी ५०० बाय ८००, म्हणजे घेर १.५७ मीटर, गुणिले ०.८, वर टोपी धरून साधारण १.४५ चौरस मीटर कापड झालं. आता हवा किती? मशीनवर १२०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) का काय लिहिलं असेल, ते पाइप नाही, पिशवी नाही, असं मोकळं फिरवून मोजलेलं असतं. ४ इंची पाइपातून, त्यात फ्लेक्झिबल, ४०० च्या वर फारसं जाणार नाही. ४०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ११ घनमीटरच्या वर. भागिले १.४५ केलंस की कापडातून हवा मिनिटाला पावणेआठ मीटर वेगाने जातेय. आम्ही कारखान्यात फेल्टच्या बॅगेला २ मीटरच्या आसपास धरायचो, आणि तिथे दर काही सेकंदांनी पल्स जेटचा, म्हणजे दाबाच्या हवेचा, झटका बसून बॅग साफ होत असते. तू चौपट वेगाने ढकलतोयस. बारीक कण कापडात राहतील कसे, दाबाने आरपार निघतात. तुला दिसला तो धूर हाच.

म्हणून त्याच मापाची ५ मायक्रॉनची फेल्ट पिशवी लावलीस तर काय होईल? पहिला महिना बरं वाटेल, मग कापडात धूळ रुतून दाब वाढेल, ओढ मेली की टेबल सॉखालचा भुसा उचलला जाणार नाही आणि तुला वाटेल मोटर गेली. स्वस्तातच करायचं असेल तर फेल्टच घे पण उंच शिवून घे. गॅरेजची उंची किती, ९ फूट? मग २ मीटरची पिशवी छताला हुकने टांग, सव्वातीन चौरस मीटर होईल, वेग निम्म्याहून खाली येईल. शिवणीतून गळते, तेव्हा शिवण आतून सिलिकॉनने भरून घे. आणि नवी फेल्ट पहिले काही दिवस थोडं सोडते, आतल्या बाजूला धुळीचा पातळ थर बसला की मग तीच धूळ बारीक धुळीला अडवते. म्हणून दर रविवारी पिशवी झटकून कोरी करणारे लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात.

कार्ट्रिज घ्यायचा असेल तर पावडर कोटिंगवाले वापरतात तो ३२५ मिमी व्यास आणि ६६० लांबीचा माप कुठल्याही एमआयडीसीत मिळतो. स्पनबाँड पॉलिएस्टरचा (न विणता तंतू एकमेकांना चिकटवून केलेलं कापड) घे, १० चौरस मीटरच्या आसपास कापड असतं. म्हणजे तुझ्या हवेला मिनिटाला मीटर-सव्वा मीटर. काम झालं. उद्या पाइप ६ इंची केलास तर दोन लाव. फक्त दोन गोष्टी बघ. एक, घड्या फार दाटीवाटीच्या नकोत. २० चौरस मीटर त्याच डब्यात कोंबलेले पण मिळतात, कागदावर छान दिसतात, पण दोन घड्यांच्या मध्ये लाकडाचा तंतू अडकला की तेवढी घडी बाद. दोन, हे कार्ट्रिज बाहेरून आत हवा घेण्यासाठी बनवलेले असतात, जाळी आतल्या बाजूला. तुझ्या मशीनवर हवा आतून बाहेर जाणार, मग घड्या फुगतात. बाहेरूनही जाळी असलेला माग.


सागवानी_शनिवार

काका हात जोडले. दोनदा वाचलं, वहीत आकडे मांडले, बरोबर पावणेआठ येतायत. मग हेपा? तो लावला तर विषयच संपला ना?


फिल्टर_काका

हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के. आणि ०.३ च का, तर तेवढा कण पकडायला सगळ्यात अवघड असतो म्हणून. त्याहून मोठे तंतूंवर आपटतात, त्याहून बारीक हवेत इकडेतिकडे भरकटत तंतूंना चिकटतात. मधलाच निसटतो. पण हेपाचा कागद काचेच्या तंतूंचा, नाजूक, थेट भुशाच्या हवेवर लावलास तर एका रविवारात मरेल आणि झटकताही येत नाही. तो ऑपरेशन थिएटरला शोभतो. आणि ऑनलाइन ज्याला 'हेपा' म्हणतात त्यातले अर्धे 'हेपा टाइप' असतात, म्हणजे मोती टाइप.


भुसावळकर_नाही_भुसाकर (नाशिक)

काकांशी सहमत पण मला वेगळंच म्हणायचंय. फिल्टर हवाच कशाला?

बघा ना, आपण सगळे यूट्यूबवर अमेरिकन आणि कॅनेडियन लोकांचं बघून शिकतो. ते हवा गाळून परत आत सोडतात कारण बाहेर बर्फ पडतो आणि आत हीटर लावलेला असतो, गरम केलेली हवा बाहेर फेकणं परवडत नाही त्यांना. आपल्याकडे कसला हीटर? माझ्या शेडमध्ये फॅन भिंतीलगत ठेवलाय, आधी ड्रमवाला सेपरेटर (जड भुसा आधीच वेगळा पाडणारा), मग फॅन, मग ६ इंची पीव्हीसी पाइप भिंतीतून आरपार, बाहेर शेताकडे तोंड. पिशवी नाही, कार्ट्रिज नाही, धुवायचं नाही, झटकायचं नाही. बारीक धूळ जी माझ्या फुप्फुसात जायची ती आता द्राक्षाच्या बागेच्या दिशेने जाते (बाग माझीच आहे, चुलतभाऊ ओरडतो ते वेगळं).

एक सांगतो, पिशवी काढून मोकळं केलं की मोटरवर लोड वाढतो, कमी होत नाही. लोकांना उलटं वाटतं. फिल्टर चोंदला की हवा कमी जाते आणि अँपिअर खाली येतात, मोकळं सोडलं की फॅन जास्त हवा ढकलतो आणि अँपिअर वर चढतात. मी क्लॅम्प मीटर लावून बघितलं, नेमप्लेटच्या आकड्याला टेकत होता, मग तोंडाशी एक पत्र्याची झडप लावून थोडं दाबलं.


लाकूडतोडी (ठाणे)

@भुसाकर शेताकडे तोंड असणाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत 😄 आमच्याकडे समोरच्या विंगच्या बाल्कनीत कपडे वाळत असतात.

आणि बाहेर फेकणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात ठेवा, ४०० सीएफएम बाहेर गेली तर तेवढीच आत यायला हवी. १० बाय १८ ची खोली ९ फूट उंच धरली तर १६२० घनफूट, म्हणजे चार मिनिटांत अख्खी खोली रिकामी. शटर बंद करून चालवलं तर हवा मिळेल तिथून ओढली जाणार, घरातून, बाथरूममधून. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असेल तर त्याचा धूर बाहेर जायच्या ऐवजी उलटा आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी उघडी ठेवूनच चालवा.


सागवानी_शनिवार

बाहेरचा विषय माझ्याकडे होणार नाही, गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे. त्या एकदा येऊन "तुमचा तो मिक्सर जरा हळू लावा" म्हणून गेल्यात, आता भाजीत सागवान पडलं तर संपलंच.


चिपळूणचा_फणस

आमच्या कोकणातला अनुभव सांगतो मग ठरवा. मी फणसाचं आणि आंब्याचं काम करतो, फणसाची धूळ म्हणजे हळद, सगळं पिवळं होतं, कपडे, भिंत, कुत्रा. तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने मला घडीवाला कार्ट्रिज दिला, म्हणाला इम्पोर्टेड आहे, १ मायक्रॉन आहे. मी पण विचारलं नाही कसला आहे. मेपर्यंत झकास चालला. जून लागला, जुलैत मशीन आठ दिवस बंद होतं कारण घरात पाणी शिरेल की काय त्याच गडबडीत होतो, आणि नंतर चालू केलं तर ओढच नाही. कार्ट्रिज खोलून बघितला तर घड्या ओल्या पापडासारख्या मऊ, एकमेकीला चिकटलेल्या, आणि आत धुळीचा लगदा, वर पांढरी बुरशी. बोट लावलं तर कागद फाटला. तो सेल्युलोज होता, म्हणजे कागदच, पाणी पिऊन फुगतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो "पावसात कशाला चालवता?" मग काय उन्हाळ्यात चालवून पावसात विकू?

आता स्पनबाँड पॉलिएस्टर आहे. पावसाळा संपला की एकदा गार पाण्याने धुतो, साबण नाही, प्रेशर वॉशर नाही, नुसती बागेची नळी, आणि दोन-तीन दिवस सावलीत पूर्ण वाळू देतो. जरा जरी ओला लावलात तर धुळीचं पिठलं होतं. 'सेल्युलोज-पॉली ब्लेंड' किंवा '८०/२०' असं लिहिलेलं दिसलं तर निदान आमच्या हवेत घेऊ नका. पुण्यात चालेल पण, तुमच्याकडे पाऊस म्हणजे शिंतोडे.


सागवानी_शनिवार

शिंतोडे 😂 एकदा जुलैत या.


बाडेन_वाला (श्टुटगार्ट)

इकडून जर्मनीतून दोन शब्द. तुम्ही सगळे मोठ्या मशीनच्या फिल्टरवर बोलताय पण प्रश्नात 'हातातला सँडर' आहे तिकडे कोणी बघत नाहीये. सगळ्यात बारीक धूळ सँडरचीच. आणि डस्ट कलेक्टर त्याला चालत नाही, कारण कलेक्टर हवा भरपूर ओढतो पण जोर कमी, सँडरच्या २७ मिमीच्या बारीक नळीतून त्याची हवा जातच नाही. तिथे व्हॅक्यूमच पाहिजे, त्यात हवा कमी पण जोर प्रचंड.

इकडे व्हॅक्यूमला एल, एम, एच असे वर्ग असतात. एल म्हणजे १ टक्क्यापर्यंत धूळ निसटली तर चालेल, एम म्हणजे ०.१ टक्का, एच म्हणजे ०.००५ टक्का. लाकडासाठी एम घ्यावा लागतो. कामाच्या जागी हवेत लाकडाची धूळ घनमीटरला २ मिलिग्रॅमच्या आत ठेवायची असते. मी इथे शनिवारी सार्वजनिक वर्कशॉपला जातो, तिथला म्हातारा मास्टर व्हॅक्यूम न लावता सँडर चालू केला की स्विचच बंद करतो, काही बोलत नाही, नुसता बघतो. भारतात पण एमवाले मिळतात आता पण महाग आहेत. साध्या व्हॅक्यूमला फ्लीसची (कृत्रिम तंतूंच्या कापडाची) चांगली पिशवी आत लावलीत तरी खूप फरक पडतो, कागदी नको.


रंधा_रगडा

हातरंध्याने काम करा, ना फिल्टर ना व्हॅक्यूम. लांब लांब छिलके निघतात, बंबाला जळण होतं.


फिल्टर_काका

रंधा_रगडा, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण सागवानाला रंधा मारून बघितलाय का? त्यात सिलिका असते, पात्याची धार तासाभरात गेली. 

सँडरचं त्या श्टुटगार्टवाल्यांनी बरोबर सांगितलं, माझ्याकडून राहिलंच. सागवानाच्या बारीक धुळीने अंगाला खाज पण येते काहींना, एमडीएफमध्ये तर फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो. या दोन्हीला सँडर लावायचा असेल तर व्हॅक्यूम लावूनच.


लाकूडतोडी

@सागवानी_शनिवार आता कामाचं. फिल्टर घेशील तो घेशील, पण तो चोंदला कधी हे कळायला पाहिजे ना. मी काय केलंय ते सांगते, ५० रुपयांचं काम आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी दीड मीटर आण, फळीवर इंग्रजी यू सारखी वाकवून तारेने बांध, जिलेबीचा रंग घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भर. एक टोक मशीनच्या वरच्या गोल ड्रमला, फिल्टरच्या खाली, भोक पाडून सिलिकॉनने बसव. दुसरं टोक मोकळं. मशीन चालू केलं की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर चढतं. दोन्हींतलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोज, तेवढा दाब फिल्टर खातोय. माझा नवा असताना १८ मिमी होता, ६० झाला की मी झटकते. झटकून पण ४०-४५ च्या खाली येईना झाला की समजायचं म्हातारा झाला.

दुसरं, पीएम २.५ चा (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) छोटा लेझरवाला मीटर घे, एअर प्युरिफायरवाल्यांचा असतो तसला. लाकडाच्या धुळीला त्याचा आकडा अगदी नेमका नसतो पण आधी आणि नंतर यातला फरक कळतो. माझ्याकडे जुन्या पिशवीवर एमडीएफची एक शीट कापली की आकडा हजाराच्या पुढे, मीटर लाल होऊन बसायचा, आणि गंमत म्हणजे मशीन बंद करून दोन तासांनी गेले तरी शंभराच्या वर. आपल्याकडचा सरकारी नियम २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमचा आहे, डब्ल्यूएचओचा १५ चा. दोन तासांनीही आकडा उतरत नाही याचं कारण साधं आहे. १० मायक्रॉनचा कण दोन मीटरवरून जमिनीवर यायला दहा-बारा मिनिटं लागतात, १ मायक्रॉनच्याला शांत हवेत पंधरा-सोळा तास. म्हणजे शनिवारी कापलंस आणि रविवारी सकाळी मास्क न घालता झाडायला गेलास तरी कालचंच नाकात. फक्त दिवाळीत मोजू नकोस, मी मोजलं आणि फिल्टरला उगाच शिव्या घातल्या.


रोज_नवा_शोध

हाय सर टेबल सॉ कुठला आहे, किती पडला?


सागवानी_शनिवार

@रोज_नवा_शोध मेसेज करतो.

@लाकूडतोडी ताई नळीची आयडिया भन्नाट आहे. काका, सेपरेटर पण लावायलाच हवा का? जागा नाहीये हो. आणि एकदा म्हणालात ४०० सीएफएमच जाईल, मग ड्रम मध्ये आला की अजून कमी होणार ना?


फिल्टर_काका

होणार. ड्रमवाला सेपरेटर हवा खातोच. पण कार्ट्रिज लावायचा आणि समोर सेपरेटर नाही असं करू नको, थिकनेसरचे छिलके घड्यांत घुसले की काढता काढता जीव जातो. जागा नसेल तर मधली गोल रिंग आहे ना तुझ्या मशीनची, तिच्यात आतून एक आडवी तबकडी बसवतात, कडेने दोन-तृतीयांश भागाला फट ठेवून. गूगलवर थिएन बॅफल म्हणून शोध. ड्रमची जागा वाचते. ड्रम लावलास तर प्लास्टिकचा पातळ घेऊ नको, नळी चोंदली की आत ओढला जाऊन पिचतो, आवाज बंदुकीसारखा येतो, माझी बायको धावत आली होती.

आणि हवा वाढवायची तर मुख्य पाइप ६ इंची कर. ४ इंचीत छिलके वाहते राहायला मिनिटाला ४००० फूट वेग धरला तर ३५० सीएफएम जाते, ६ इंचीत त्याच वेगाला पावणेआठशे. मशीनच्या तोंडाशी शेवटचे दोन-तीन फूटच फ्लेक्झिबल ठेव. फिल्टर कितीही भारी लावला तरी जी धूळ पाइपात शिरलीच नाही ती तो काय गाळणार?


सागवानी_शनिवार

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, काय झालं ते सांगायला आलोय, अर्धवट धागा सोडणाऱ्यांचा मलाच राग येतो.

३२५ बाय ६६० चा स्पनबाँड घेतला, बाहेरून जाळी असलेला शोधायला दोन शनिवार गेले. पहिला दुकानदार म्हणाला जाळी कशाला, सगळे असेच नेतात. दुसऱ्याने टेस्ट रिपोर्ट मागितल्यावर चहा पाजला आणि रिपोर्ट दिला नाही. तिसऱ्याकडे कागद होता, १ मायक्रॉनला ९९ टक्के आणि खाली तपासलेल्या लॅबचा शिक्का, त्याच्याकडून घेतला. १८ मिमी प्लायच्या चकतीवर बसवला, चकती मशीनच्या रिंगवर. बॅफल रिंगमध्येच केली. मुख्य पाइप ६ इंची पीव्हीसी, त्यामुळे काकांच्या हिशेबाने दुसरा कार्ट्रिज लागेल, तो पुढच्या महिन्यात, चकतीला दुसरं भोक पाडून वर झाकण मारून ठेवलंय.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ऊन नव्हतं म्हणून शटर पाडून, दिवा बंद करून, बॅटरीचा झोत आडवा मारून बघितलं. घड्यांतून काही नाही. पण चकती आणि रिंगच्या सांध्यात एका जागी, बरोबर क्लँपच्या मध्ये, सुईएवढी पांढरी धार सरळ वर जात होती, अगरबत्तीची असते तशी. म्हणजे एवढा सगळा खर्च करून धूळ गॅस्केटमधूनच निघाली असती. दरवाज्यांना लावतात ती फोमची पट्टी दुहेरी लावली, क्लँप चाराचे सहा केले, धार बंद.

मीटर अजून घेतला नाही. बॉनेट मात्र चार दिवस पुसलं नाही मुद्दाम, पिवळी पावडर नाही, नेहमीची पुण्याची धूळ आहे. बाबांचं एवढ्यात काही सांगत नाही, थंडी गेली की बघू, डॉक्टरांकडे नेऊन आणलंय आणि गॅरेजमध्ये काय चालतं तेही सांगितलंय त्यांना. सँडरला जुना व्हॅक्यूम जोडलाय फ्लीसची पिशवी घालून, एमवाला दिवाळी बोनसवर.

ताई, तुमच्या नळीत पहिल्या दिवशी १५ मिमी होतं, आज २४.


लाकूडतोडी

छान! २४ काही नाही. वेगळी पट्टी चिकटवून तारीख लिहीत जा.


चिपळूणचा_फणस

जुनी पिशवी काय केलीत? टाकणार असाल तर मला आंबे झाकायला द्या.


सागवानी_शनिवार

आंबे पिवळे होतील, पिकल्यासारखे. पाठवतो.

काका, झटकायचा कसा ते सांगा आता, कॉम्प्रेसर आहे माझ्याकडे.


फिल्टर_काका

तुझी धूळ आतल्या बाजूला आहे, तेव्हा हवा बाहेरून आत मारायची. प्रेशर २-३ बारच्या वर नको, गन एक वीत लांब धर, घडीच्या उभ्या रेषेने वरून खाली ये, एका जागी थांबू नको, भोक पडतं. जमिनीवर आपटू नको, लोक आपटतात. गॅरेजमध्ये नाही, गच्चीवर नेऊन कर, आणि काकूंचे कपडे वाळत असतील तर थांब.


रंधा_रगडा

आणि मास्क.